खाली घेतलेली ओळ

बाबा, हल्ली मी एकच गाणं बऱ्याच जणांकडून ऐकते. तुम्हाला यात काही विचित्र वाटलं नसतं, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. फोनवर गाण्याचं नाव घातलं की सिनेमातलं गाणं येतं, आणि त्याच्याखाली तेच गाणं गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसांची रांग लागते. त्याला कव्हर म्हणतात. एक मुलगी पलंगावर मांडी घालून गिटारवर गाते, मागे दोरीवर तिचे कपडे वाळत असतात. चार भाऊ तेच गाणं कव्वालीसारखं टाळ्या वाजवत म्हणतात. कुठलासा परदेशी म्हातारा ते सॅक्सोफोनवर इतकं सावकाश वाजवतो की पहिली ओळ संपेपर्यंत माझा चहा निवतो. आणि आपल्याकडची बेंजो पार्टी तेच विरहाचं गाणं हळदीत असं वाजवते की नवरीची आत्या पदर खोचून नाचत असते. मी रोह्याला कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. नोकरी लागली तेव्हा तुम्ही होतात, त्यानंतर वर्षभरातच गेलात. कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून, कानात वायर घालून मी हे सगळं ऐकते. शेजारच्या बाईंना वाटतं मी प्रवचन ऐकते. मी त्यांना तसंच वाटू देते.

यात मला नक्की काय आवडतं ते नीट सांगता येत नाही. गाणं ओळखीचं असतं, पुढे काय येणार ते ठाऊक असतं, आणि तरी हा माणूस तिथे कसा पोचणार ते ठाऊक नसतं. बहुतेक बदल ठरावीक जागीच होतो, हे मात्र ऐकून ऐकून लक्षात आलंय. सगळे सरळ चालत येतात आणि उंच ओळ आली की प्रत्येक जण आपली वाट काढतो. कोणी तिथे श्वास घेतो, कोणी वाद्याला पुढे करतो, कोणी शब्दच गिळून टाकतो. मग मी ती जागा मागे घेऊन पुन्हा ऐकते. याने असं का केलं असेल, याचा विचार करता करता स्टॉप येतो.

माझ्या मुलीला हे पटत नाही. परवा ती ओट्याशी उभी राहून गवार मोडत होती आणि माझा फोन डब्याला टेकवून चालू होता.

“आई, ओरिजिनल असताना तू या नकला का ऐकतेस?”

“नक्कल कुठे आहे? त्याने ताल बदललाय.”

“म्हणजे बिघडवलंय. बाबांशी लग्न झालं नसतं तर तू बेंजोवाल्याबरोबर पळून गेली असतीस.”

“बेंजोवाले फार जागतात. मला दहाला झोप लागते.”

ती हसली, पण मग म्हणाली, “बरं, तुझ्या मते ओरिजिनल म्हणजे कुठलं?” तिने ते सहज विचारलं होतं. मी मात्र डब्याला टेकवलेला फोन बंद केला. मी लहानपणी जी गाणी पहिल्यांदा ऐकली ती टाळ आणि पखवाजावर, तुमच्या आवाजात, आणि त्यात देवाचं नाव होतं. सिनेमातली मी नंतर ऐकली, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं की यांनी आपल्या भजनातलं काहीतरी काढून टाकलंय.

तुम्ही पेणला पोह्याच्या गिरणीत कामाला होतात. सुटल्यावर रामवाडीला हायवेच्या कडेच्या टपरीवर उभ्याने चहा घ्यायचात आणि मग घरी यायला कासूची गाडी. त्या टपरीवर ट्रकवाले आपल्या कॅसेट द्यायचे आणि मालक दिवसभर त्या लावायचा. चाल आवडली की तुम्ही दुसरा चहा मागवायचात, आणि गाडी चुकायची. मग तिन्हीसांजेला उशिरा तुम्ही दारात, केसांत गिरणीतला कोंडा तसाच, आणि आई चुलीपुढून न वळता विचारणार, “आज दोन चहा झाले वाटतं. कुणाचं आणलंत?” जसं काही भाजीच आणलीय. “नाव नाय विचारलं,” तुम्ही म्हणायचात. तुम्ही त्यातला एकही सिनेमा पाहिला नाही. गाण्याचे शब्द तुम्हाला अर्ध्या ओळीपलीकडे यायचे नाहीत आणि ते नकोही असायचे. तुम्ही भिंतीला टेकून बसता, रिकाम्या टोपावर बोटं वाजवता आणि त्या चालीत एखादा अभंग घालून बघता. “बसत नाय गो,” तुम्ही आईला म्हणता. आई म्हणते, “ओढू नका मग, फाटंल.” मग दुसरा अभंग. बसला की तुम्ही हसत नाही, फक्त टोप बाजूला सरकवता आणि जेवायला वाढ म्हणता. शुक्रवारी देवळात भजनी मंडळ ते म्हणायचं, बुवा तुम्हीच. मुली मंडळात बसत नसत. मी उंबऱ्याबाहेर, चपलांच्या बाजूला बसून ऐकायचे.

मंडळात पखवाज वाजवत मागून म्हणणारे काका होते, ते तर सिनेमाच्या वाटेलाच गेले नव्हते. त्यांच्या घरी रेडिओसुद्धा नव्हता. पलीकडच्या गावात लग्नाला आपण गेलो होतो तेव्हाचं मला सगळं आठवतं. पंगत बसलेली, आणि कर्ण्यावर ते गाणं लागलं, ज्याची चाल तुम्ही आदल्या पावसाळ्यात आणली होती. काका पानावरून उठले आणि हात खरकटा तसाच घेऊन कर्णेवाल्यापाशी गेले.

“बंद कर ते. ही आमच्या बुवांची चाल हाय. तुमाला कुणी दिली?”

“काका, पिक्चरमधलं गाणं हाय.”

“पिक्चरवाल्यांनी मग विचारलं का आमाला?”

सगळी पंगत हसली. तुमच्याकडे वळून कोणीतरी म्हणालं, “बुवा, तुमची चोरी झाली, फिर्याद द्या.” तुम्ही मान खाली घालून भात कालवत होतात. परत येताना बांधावरून मी तुम्हाला विचारलं, खरंच चोरली का हो. तुम्ही मला पुढे चालायला लावलंत. मग म्हणालात, “काकांनी आपलंच आधी ऐकलंय ना. मग त्यांच्यासाठी आपलंच पहिलं. तू त्यांना काय सांगू नको.” मी सांगितलं नाही. शाळेत मात्र मी काकांच्या बाजूने भांडले होते, हे तुम्हाला कधी कळलं नाही.

त्या लग्नात माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती. सिनेमातल्या गाण्यात मधली एक ओळ वर चढते. तुमच्या भजनात तीच ओळ खाली उतरायची, पायऱ्या उतरून पाण्यापाशी गेल्यासारखी. दुसऱ्या दिवशी तुम्ही ओटीवर बसला होतात, काका समोर सुपारी कातरत होते, आणि मी मोठी हुशार होऊन म्हणाले, “बाबा, तुमचं चुकलंय. ती ओळ वर जाते.”

“चुकलं नाय. खाली घेतलीय.”

“का पण?”

“घेतलीय म्हटलं ना. ऐकायचं तर ऐकायचं. चुका काढायला शाळा हाय.”

तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवत नव्हतात, त्या दिवशीही चढवला नाहीत. पण मी पुन्हा विचारलं नाही. नंतर कितीतरी वर्षं मी मनात कारणं लावत राहिले. देवाचं नाव ओरडून घेऊ नये असं तुम्हाला वाटत असेल, असं आधी वाटायचं. मोठी झाल्यावर वाटू लागलं की तुमचा गळाच वर पोचत नसेल, आणि मी ते सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. फोनवर एखादा गायक उंच ओळ टाळताना दिसला की मला ती ओटी आठवायची.

यंदा सप्ताहाच्या आधी मंडळाच्या आताच्या बुवांचा फोन आला. शिक्षक आहेत, बोलणं नीट. म्हणाले, “ताई, तुमच्या वडिलांच्या बाकी चाली आम्ही म्हणतो, पण ती एक, काका लग्नात भांडले ती, कोणाला येत नाही. शेवटी आम्ही मोबाईलवरून सिनेमाचीच बसवली. लोक ओळखतात आणि गालात हसतात. आणि पखवाजवाले काका ती सुरू झाली की हात काढून घेतात. म्हणतात, ही नाय ती, ही चोरांची. तुम्हाला आठवते का?” त्या वेळचे टाळकरी आता कोणी उरलेले नाहीत. काकांचा आवाज गेलाय. आईलाही जाऊन बरेच दिवस झाले. म्हणजे ती चाल आता माझ्या एकटीच्या कानात होती, आणि बरोबर की चूक हे सांगणारे एकटे काका. मी होय म्हटलं आणि फोन ठेवल्यावर मला कळलं की आपण आजवर कोणासमोर गायलेलोच नाही. मुलीला झोपवतानासुद्धा मी गुणगुणायचे, शब्द म्हणायचे नाही.

रविवारी गाडीने गेले. नागोठणं गेल्यावर डब्यात मी तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं, समोरचे गृहस्थ बघायला लागले तेव्हा थांबले. देवळात आठ-दहा जण होते. आता दोन बायकाही टाळ घेऊन बसतात, हे पाहून मला बरं वाटलं. काका खांबाला टेकून, पखवाज मांडीपुढे. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मला त्यांच्या अगदी जवळ बसवलं. “बुवाची पोर तू,” ते म्हणाले. “जाड झालीस.”

पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ती ओळ आली आणि माझा गळा तुमच्या त्या पायरीपर्यंत उतरेना, नुसती हवा आली. पेटीवाले म्हणाले, “ताई, पट्टी वर घेऊ.” घेतली, तर सुरुवातीचंच आवाक्याबाहेर गेलं. एका टाळकऱ्याने हळूच विचारलं, “सिनेमातलीच ठेवायची का मग?” काका त्याच्याकडे बघत होते. त्यांना काय ऐकू आलं कोण जाणे, पण त्यांचे हात पखवाजावरून उठायला लागले. मी डोळे मिटले आणि तिसऱ्यांदा सुरू केलं. ओळ आली. खाली जाता येईना, वर मला जायचं नव्हतं, म्हणून मी होते त्याच सुरावर थांबले आणि देवाचं नाव दोनदा घेतलं. आधी ठरवलं नव्हतं. मागच्यांनी ते तसंच उचललं, आणि पखवाज चालू राहिला. संपल्यावर काका म्हणाले, “व्हय. हीच.”

चहा आला तेव्हा मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, बाबांनी ती ओळ खाली का घेतली होती.

“माज्यासाठी गो. वर माजा आवाज फाटायचा, मंडळ हसायचं. एका एकादशीला बुवानं ओळच खाली आणली. मला काय बोलला नाय. मी पण काय बोललो नाय.”

“आणि सिनेमावाल्यांची वर जाते ती?”

“त्यांनी आधीची चोरली ना,” काका म्हणाले. “सुधारलेली त्यांना मिळालीच नाय.”

मी हसले नाही, तुम्हीही हसला नसता. ओटीवर त्या दिवशी तुम्ही मला का गप्प केलंत ते तेव्हा समजलं. काका समोर बसले होते, म्हणून. मी उगाच इतकी वर्षं तुमच्या गळ्याची काळजी करत होते.

सप्ताहात मंडळाने ती म्हटली. बुवांनी आधी सांगितलं, ही आमच्या जुन्या बुवांची चाल, जशीच्या तशी. मी बायकांमध्ये बसून ऐकत होते. मधली ती जागा तुमची नाही, हे तिथे कोणालाच माहीत नाही. काकांना कळलं का, मी विचारलेलं नाही. मंडळाने ते रेकॉर्ड करून पाठवलंय आणि मी बसमध्ये आता तेच जास्त ऐकते. तुमची ती खाली उतरणारी ओळ आठवायला मला आता थोडं थांबावं लागतं, आणि खरं सांगायचं तर रोज थांबतेच असं नाही.