नदीपलीकडची केझाया

मंगळवार, १४ ऑक्टोबर १८५६

कोल्बीसाहेब सभेतूनच माझ्या दुकानात दाढीला आले. गाल फेसानं भरलेले, तरी तोंड चालूच! "सायरस, आमचा रिपब्लिकन पक्ष कालचं पोर, पण जोर बघ! कॅन्ससमध्ये एक गुलाम शिरू देणार नाही!"

मी खिडकीतून नदीपलीकडे बोट केलं. "आणि समोर, केंटकीत?"

ते छताकडे बघू लागले. "गुलामी जिथं आधीच आहे तिथं हात लावायचा नाही, असं ठरलंय आमचं."

त्यांच्या गळ्यावर माझा वस्तरा, माझ्या जिभेवर शब्द. दोन्ही जपून आवरले.

माझी बायको केझाया तिथंच आहे ना! जिथं हात लावायचा नाही, तिथंच.

सोमवार, २० ऑक्टोबर

सोमवार म्हणजे तिचा धुण्याचा दिवस. पलीकडच्या काठावर चादरी दिसल्या. चेहरा नाही दिसत, पण वाकून उठताना कमरेवर हात ठेवते ती तीच.

पाच वर्षं झाली. धन्याच्या मृत्युपत्रानं मी गुलामीतून सुटलो. सुटलेल्यानं केंटकीत राहायचं नाही, हा तिथला कायदा, म्हणून नदीच्या या काठावर आलो, इकडं गुलामी नाही. ती दुसऱ्या धन्याची, ती राहिली. माझे केस तीच कापायची. आता आरशात बघून मीच कापतो. गावाचा न्हावी, आणि डोकं उंदरानं कुरतडल्यासारखं!

गुरुवार, ३० ऑक्टोबर

नाववाला पर्डी, पक्का डेमोक्रॅट, म्हणजे गुलामीवाल्यांच्या पक्षाचा. म्हणतो, "म्हाताऱ्या, मत नाही, पत नाही, आणि पेपर कसले वाचतोस? तुमच्यापायी देश मोडायचा काय?"

"साहेब, अक्षरं पेपरातच शिकलो. मान हलवू नका, कापेल."

जाताना मात्र म्हणाला, "केझायाला इकडं आणायचं मनातही आणू नकोस. पळालेल्याला इथूनही बांधून नेतात." ते खरंच. देशाचाच कायदा आहे तो.

कोल्बीसाहेब म्हणतात, धीर धर, यंदा नाही तर पुढच्या निवडणुकीत, चार वर्षांनी जिंकू. माझं वय एकसष्ट.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मतदान. सकाळपासून दाढ्या. प्रत्येकाच्या हातात आपापल्या पक्षाची छापील चिठ्ठी. काळ्या माणसाला मत नाही, मी फक्त गाल गुळगुळीत करून धाडतो.

पलीकडं तर चिठ्ठीही नाही. कचेरीपुढं उभं राहून उमेदवाराचं नाव ओरडायचं, मग दिवसभर त्याचीच दारू. पहाटेच सगळे गोरे घोड्यांवरून गेले. काठ ओस.

किती वेळ बघत बसलो कोण जाणे. गिऱ्हाईक ओरडलं तेव्हा भानावर आलो.

बुधवार, ५ नोव्हेंबर

काल रात्री केझाया आली! धन्याचीच होडी, स्वतः वल्हवून! म्हणते, "सगळे मत द्यायला गेलेले, पहारेकरीसुद्धा. तुझा पक्ष निवडून यायची वाट बघितली असती तर नदीकाठीच हाडं झिजली असती माझी."

कोण जिंकलं, विचारलंही नाही. कॅनडाची वाट धरतोय, तिथं हा कायदा चालत नाही. ही वही आता चुलीत, कुणाच्या हाती लागायला नको.