रिकाम्या घरातली जुनी नोंद

कारंजा लाड,
१४ सप्टेंबर १९७६

प्रिय कैलास,

तुझं क्षमावणीचं कार्ड मिळालं. 'जाणता-अजाणता आमच्या हातून आपलं मन दुखावलं असल्यास उदार अंतःकरणानं क्षमा करावी', खाली तुझं, सुनेचं आणि दोन्ही मुलांचं नाव. सगळं छापील, सोनेरी शाईत. तुझ्या आईनं ते डोळ्यांना लावलं. मी मात्र ते उलटं केलं, कारण मागच्या कोऱ्या बाजूवर तू बारीक अक्षरात मला चार ओळी लिहिल्या होत्यास. त्या ओळींसाठीच हे उत्तर आहे. आत्या रागावली आहे हे एव्हाना तुला अक्षरावरून कळलं असेल. मिशनच्या सिस्टरांनी माझं अक्षर घडवलं, पण राग आला की ते सरळ उभं राहतं, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस.

इकडचं सांगायचं तर अंगुरीवहिनींचे गुडघे तसेच आहेत. दशलक्षण पर्वात दहा दिवस एकभुक्त राहिल्या आणि वर मलाच ऐकवलं, 'वन्सं, तुम्ही मुंबईत राहून बिघडलात, तुम्हाला एक उपास निभत नाही.' मी म्हटलं, माझी जीभ उपाशी राहत नाही, तेवढं पुरे. पाऊस बरा आहे. तुझ्या खोलीच्या कौलांतून पाणी येत होतं, ती फिरवून घेतली.

आता तुझ्या ओळी. तू लिहितोस, आपल्या कॉम्प्युटर मशीनच्या मागाच्या बफरमधला दोष सापडला, त्यावर तू बंगलोरला निबंध वाचणार आहेस, आणि 'आत्या, हा दोष तुला नक्की आवडेल.' आवडला. मी मुलाखत घेतली असती तर या उत्तराला तुला पैकीच्या पैकी दिले असते. वहिनींनी विचारलं, 'एवढं काय लिहिलंय माझ्या लेकानं?' तेव्हा मी त्यांना समजेल असं सांगितलं. मशीन चालवणारा जो मूळ प्रोग्राम असतो, ज्याला आम्ही गाभा म्हणायचो, तो स्वतः काय काय केलं त्याची एकेक नोंद ठेवत जातो. तोच माग. नोंदींच्या जागेत, म्हणजे बफरमध्ये, घरं मोजकी, म्हणून शेवटचं घर भरलं की पुन्हा पहिल्यापासून, जुन्या नोंदीवर नवी. मशीन मध्येच बंद पडलं की ही घरं छापून काढायची आणि शेवटी काय घडलं ते वाचायचं. वहिनींच्या चेहऱ्यावर काही उमटेना, म्हणून मी समोरच्या धर्मशाळेकडे बोट दाखवलं. यात्रेकरू येतो, मुनीम त्याला खोली देतो, आणि मग दारावरच्या पाटीवरचं आधीच्या माणसाचं नाव पुसून नवं लिहितो. समजा, खोली दिली आणि पाटी पुसायच्या आत कुणी मुनीमाला हाक मारली, आणि नेमकी त्याच घटकेला आग लागली. नंतर येणारा काय वाचेल? गेल्या आठवड्यात घरी परतलेल्या माणसाचं नाव. तुझा गाभाही तेच करत होता. नव्या नोंदीसाठी घर द्यायचा, ते भरायच्या आत दुसरं कुठलं तरी काम मध्ये घुसायचं, आणि तेवढ्यात मशीन बंद पडलं तर त्या घरात मागच्या फेरीतली जुनी नोंद तशीच बसलेली असायची, अगदी ताजी असल्यासारखी. तू इलाज केलास तो योग्य आहे. आधी घर पुसायचं, मग द्यायचं, नोंद पुरी झाली की शेवटी खूण करायची, आणि खूण नसलेलं घर वाचायचंच नाही. दोन आज्ञांची अदलाबदल आणि एक जास्तीची.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि डाळीतले खडे निवडता निवडता विचारलं, 'मग आग कोणी लावली म्हणून त्या आधीच्याच माणसाला धरलं असेल ना लोकांनी?'

कैलास, तुझ्या चार ओळींत हा प्रश्न नाही. बंगलोरच्या निबंधातही नसणार.

म्हणून मी आठवण करून देते. चार वर्षांपूर्वी मुंबईत आपल्याकडे त्या विद्यापीठाच्या निकालाचं काम चालू असताना मशीन थांबलं आणि हजारो मुलांचे गुण पुसले गेले. वर्तमानपत्रांनी आपल्या संस्थेचे वाभाडे काढले. दोषी माणूस हवा होता आणि तो लगेच हवा होता. तुझा माग छापून काढला, तर शेवटच्या घरात नोंद होती, ऑपरेटरनं 'थांबा'चं बटण दाबलं. ऑपरेटर होता देवमन. इथल्याच, कारंज्याजवळच्या धनजचा, भागिरथाबाईंचा एकुलता एक. घराण्यातला पहिला पगारदार माणूस. मीच त्याची निवड केली होती, आणि निवडीच्या दिवशी मला जे वाटलं होतं ते आजही वाटतं, की त्या खोलीत हातानं आणि डोक्यानं सारखा स्वच्छ असा तोच एक होता.

चौकशीला तिघे जण बसले होते, चहा-बिस्किटं होती. देवमन उभा होता. तो म्हणाला, 'साहेब, सकाळी दाबलं होतं. कैलाससाहेबाईनंच चाचणीसाठी दाबाले सांगितलं होतं. त्याच्यानंतर मी बटनाले हात नाई लावला.' त्याचं 'बटनाले' ऐकून एक जण हसला. दुसरा हळूच म्हणाला, राखीव जागेवरची माणसं घेतली की असंच व्हायचं. हळू, पण मला ऐकू जाईल इतपत. आणि मग तुला विचारलं. माग तू लिहिला होतास. तू उभा राहिलास आणि म्हणालास, 'माणूस घाबरतो, विसरतो, खोटं बोलतो. माग खोटं बोलत नाही.' किती छान वाक्य होतं. तिघांनीही ते लिहून घेतलं.

मी तेव्हाच म्हटलं होतं, या नोंदींत वेळ नाही, नुसता क्रम आहे. त्या मशीनची स्मृती चुंबकी कड्यांची, वीज गेली तरी सकाळची नोंद तशीच राहते. नुसत्या क्रमावर माणसाची भाकरी काढून घेऊ नका. नोंदीत वेळ घाल असं मी तुला आधी दोनदा सांगितलं होतं, आणि जागा वाया जाते म्हणून तू हसण्यावारी नेलं होतंस. अध्यक्ष मला म्हणाले, 'सूरजबाई, तो तुमच्या गावाकडचा म्हणून तुम्हाला वाटणं स्वाभाविक आहे.' तूही माझ्याच गावाकडचा, माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा. ते मात्र कुणाला आठवलं नाही. देवमनला काढलं. नुसता काढला असता तर तो दुसरीकडे लागला असता. कागदावर लिहिलं, 'चूक केली आणि चौकशीत असत्य सांगितलं.' पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात माझ्या स्पष्टवक्तेपणाचं फार कौतुक झालं. चौकशीत तोच त्यांना अडचणीचा वाटला होता.

तो धनजला परतला ते दुष्काळात. तलावाच्या कामावर खडी फोडायला गेला. मुंबईत थंड खोलीत मशीनपुढे बसणारा माणूस गावात असा परत आला की गाव सोडतं का? त्याचं नावच 'बटन्या' पडलं. विहिरीवरचा पंप बंद पडला की पोरं ओरडायची, 'बटन्या, तू गेलता का रे तिकडं?' पानठेल्यावर कुणी त्याला मुद्दाम काडेपेटी मागायचं आणि म्हणायचं, 'राहू दे बाप्पा, तू हात लावशीन त आख्खं गाव इझून जाईन.' तोही हसायचा. मला येऊन सांगायचा तेव्हाही हसायचा. मग एकदा म्हणाला, 'बाई, बटन्या म्हनते त म्हनू द्या. पन इहारात पंचशील म्हनाले उभा राह्यलो, अन् खोटं बोलनार नाई हे आलं, का मागून कोनी तरी खोकलते.' त्यानंतर तो विहारात मागं, दाराजवळ उभा राहू लागला.

गेल्या दिवाळीत तू आला होतास, आठवतं? सकाळी मंदिरात महावीरांचा निर्वाण लाडू चढवून आलास आणि दुपारी झोपाळ्यावर चिवडा खात बसला होतास. देवमन आला. इथल्या बँकेत कारकुनाची जागा होती, आणि बँक आधीच्या नोकरीचा कागद मागत होती. मी त्याला खुर्ची दिली, तो बसला नाही. तुला म्हणाला, 'साहेब, एवढंच लिहून द्या का चूक मशीनची बी असू शकते. होती असं नका लिहू. असू शकते, एवढंच.' तू झोपाळा थांबवला नाहीस. म्हणालास, 'बघू. मुंबईला गेल्यावर बघतो.' तो वाकून नमस्कार करून गेला, आणि तू वहिनींना म्हणालास की चिवड्यात यंदा खोबरं कमी पडलं.

त्या दिवशी मला वाटलं होतं की तुझा अभिमान आड आला. माणसाला आपली चूक दिसत नाही, तशी तुला दिसत नसेल. मी स्वतःची समजूत घातली. पण कार्डामागे तू स्वतःच लिहिलं आहेस, 'दोष तसा गेल्या वर्षी पावसाळ्यातच सापडला आणि दुरुस्तही केला, निबंध लिहायला मात्र आत्ता सवड झाली.' गेल्या वर्षीचा पावसाळा दिवाळीच्या आधी येतो, कैलास. देवमन अंगणात उभा राहून 'असू शकते' एवढंच मागत होता तेव्हा तुला ठाऊक होतं की होती. तू झोपाळ्यावर बसून ते गिळलंस. तुझी बढतीही त्याच पावसाळ्यानंतरची, हे तुझी आई अजून शेजारणींना सांगते.

तू म्हणशील, त्याच दिवशी तसंच घडलं याला पुरावा काय? मशीन कशानं थांबलं ते कधीच कळणार नाही, हे मलाही मान्य आहे. पण त्याला काढलं तो पुरावा खोटा होता, हे तर तूच सिद्ध केलंस. तेवढं लिहायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. आणि सोनेरी शाईतली ती क्षमा तू माझ्याकडे मागतोस, वहिनींकडे मागतोस, जिनिंगवाल्या फूलचंदशेठकडे मागतोस. आम्हा सगळ्यांचं तू काही बिघडवलेलं नाहीस. ज्याचं बिघडवलंस त्याचा पत्ता तुझ्या यादीत नव्हता, म्हणून ते कार्ड धनजला गेलं नाही.

गेलं असतं तरी उशीर झाला असता. देवमन अनंत चतुर्दशीला गेला. कावीळ झाली होती, आधी झाडपाला झाला, मग बैलगाडीनं इथल्या दवाखान्यात आणला, तोवर डोळे हळदीसारखे झाले होते. मी रोज जात होते. मी त्याला हा दोष सांगू शकले नाही, कारण तुझं कार्ड तो गेल्यावर चौथ्या दिवशी आलं. त्याच दिवशी मी धनजला गेले. भागिरथाबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनीच बायकांना उठवून लावलं, मला जवळ ओढलं आणि कानाशी विचारलं, 'बाई, आता तो गेला. आता खरं सांगाले हरकत नाई. दाबलं होतं का वो त्यानं? मी आई आहो, मले सांगतलं त चालते.' कैलास, चार वर्षं ती त्याच्यासाठी गावाशी भांडली, आणि चारही वर्षं तिला खात्री नव्हती. तोही ते जाणूनच गेला असेल. मी तिला सांगितलं, नव्हतं दाबलं, नोंद चुकली होती, मुंबईत सापडलं आहे. ती म्हणाली, 'तुमी त पयल्यापासून त्याच्या बाजूच्या. तुमचं कोन मानीन? ज्यानं लिवलं होतं त्यानं येऊन सांगावं.' हे पत्र त्यासाठी आहे. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी धनजच्या विहारात त्याच्या स्मरणाचं पुण्यानुमोदन आहे. आदल्या दिवशी कारंज्याला ये, सकाळच्या एसटीनं आपण दोघं जाऊ. मी येईन, पण बोलणार नाही. तू पुढं उभा राहा आणि सगळ्या गावापुढं सांग की देवमन खरं बोलला होता आणि माग खोटा होता, तो माग तू लिहिला होतास, आणि हे तुला गेल्या पावसाळ्यापासून माहीत होतं. निबंधाची भाषा नको, आपल्या वऱ्हाडीत सांग. भागिरथाबाईंना डाव्या कानानं ऐकू येत नाही. उजवीकडून, मोठ्यानं सांग.

तुझीच,
सूरजआत्या