काळू मुकणेच्या तीन नोंदी

१ जुलै, मंगळवार
निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी शाळेने बोलावलं आणि मी गेले. महिना झाला आज. संस्थेचे सेक्रेटरी पाटकर (पुढे नुसतं पा.) यांना कागद नकोसे झालेत. ‘आता सगळं पेपरलेस, कर्णिक मॅडम.’ जुन्या जनरल रजिस्टरांत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाची एक ओळ असते. ती स्कॅन करून, कापून, वेगळी फाइल. फाइलला मुलाचं नाव. मी घरी लॅपटॉपवर नावं देते, ते सगळं क्लाउडवर जातं. चढताना स्क्रीनवर एक छोटं चक्र फिरतं. ते थांबेपर्यंत मी हात मांडीवर घेऊन बसते, परीक्षेला बसल्यासारखी.

२ जुलै
रजिस्टरं गेली. टेम्पोत भरून कळंबोलीच्या गोदामात, तिथून लगद्याला. पा.ना म्हटलं, जनरल रजिस्टर कायमचं जपायचं असतं, हा नियम तुमच्या जन्माआधीचा आहे.
‘मॅडम, वाळवीला नियम माहीत नाहीत.’
त्याचा राग अजून आहे. टेम्पो वळेपर्यंत मी फाटकात उभी होते. रिकाम्या कपाटात आता पा.चा मायक्रोवेव्ह.

४ जुलै, शुक्रवार
आज साफसफाई. लॅपटॉप भरत आला म्हणून सारखा कुरकुरत होता. बघते तर एकाच मुलाच्या दोन-दोन, तीन-तीन फाइली. बहुतेक कातकरी वाडीतली मुलं. आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे, पोरांची नावं कमी व्हायची. जूनमध्ये परत आली की नवीन नंबर, नवीन ओळ. म्हणजे माणूस एक आणि फाइली तीन. प्रत्येकाची शेवटची, स्वच्छ अक्षरातली तेवढी ठेवली. शेवटच्या ओळी अर्थात माझ्या अक्षरातल्या. आधीच्या हेडमास्तरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. चारला पाच कमी असताना शेवटची उडवली, लॅपटॉपची कचरापेटीही रिकामी केली, मग चहा. मी कॉन्व्हेंटात शिकत असताना सिस्टर अचानक येऊन आमच्या डेस्कचे खण उघडून बघायच्या. आज आल्या असत्या तर खूश झाल्या असत्या.

९ जुलै
ऑफिसात गेले होते. पा. लहान मुलासारखे आनंदात. ‘मॅडम, सकाळी तुम्ही घरी फोल्डरचं नाव बदललंत ना? इथे माझ्या डोळ्यांदेखत बदललं!’
विचारलं, आणि घरी काही काढून टाकलं तर?
‘तेही जाणार. दोन्हीकडे एकच तर आहे.’
हसले. मीही हसले. मला वाटत होतं माझ्याकडे आहे ती नक्कल, खरं तिकडे.
पण मी काढलं ते दुबारच होतं. दुबार.

१७ जुलै
कुणाकुणाच्या फाइली काढल्या, आठवत नाही. यादी केली नाही. दूधवाल्याच्या खाड्यांची यादी करणारी मी. आज दूध दोनदा उतू गेलं. पहिल्यांदा विसरले, दुसऱ्यांदा त्याच विचारात होते. डोकं गेलं की काय, ही भीती वेगळी. ती कुणाला सांगायची?

२२ जुलै
धाकटी बहीण शालू रोडपालीहून आली. तिला सगळं सांगितलं. म्हणाली, ‘ताई, कुणी मागितलंय का? नाही ना? मग गप्प बस. आयुष्यात एकदा तरी गप्प बसून बघ.’
बसले. गेले चार दिवस शाळेचा नंबर दिसला की मोबाइल पालथा घालते.

३१ जुलै, गुरुवार
आज ऑफिसात असताना दारात एक माणूस, केस पांढरे, पायात प्लास्टिकच्या चपला. बरोबर मुलगी, हातात प्लास्टिकची फाइल.
‘बाई, वळखलं का मना? काळू. काळू गोमा मुकणे.’
ओळखलं. फळ्याला पाठ लावून उभा राहायचा, सदऱ्यावर खडूचे पाढे उमटायचे.
‘माजं नाव साळंत दर सालाला कापायचे नि दर सालाला घालायचे. कोंबडी पन लोक एकदाच कापतात.’
पा. हसले. मुलगी हसली नाही. तिचं नाव सुनीता. बारावी चांगल्या मार्कांनी पास, नर्सिंगला नंबर लागलाय, पण जातपडताळणी अडकली आहे. वडिलांच्या शाळेतल्या नोंदीचा उतारा हवा, जात लिहिलेला. मंगळवारी समितीपुढे तारीख. काळूचा स्वतःचा दाखला भट्टीवर झोपडी पेटली तेव्हा गेला. घराण्यात शाळा पाहिलेला तो एकटा.
पा. म्हणाले, ‘दोन मिनिटांत देतो. म्हणून तर पेपरलेस केलं.’ शोधलं. एक फाइल आली. माझं अक्षर, टपोरं, सुंदर. जातीच्या रकान्यात एकच शब्द. ‘हिंदू’.
सुनीता म्हणाली, ‘मॅडम, एवढ्याने नाही होणार.’
पा.: ‘आमच्याकडे आहे ते हे.’
मी म्हटलं, सोमवारी या, मी बघते.

१ ऑगस्ट
सगळं लख्ख आठवलं. नको होतं ते सुद्धा.
काळूच्या ओळी तीन. पहिल्या दोन हेडमास्तरांच्या. ते प्रत्येक वेळी पूर्ण लिहायचे, ‘हिंदू कातकरी’. तिसऱ्या वर्षी, अक्षर चांगलं म्हणून, रजिस्टर माझ्याकडे आलं. मी नवीन, कॉन्व्हेंटमधून आलेली, मला सगळं जग सुधारायचं होतं. सरांना ऐकवलं होतं, लेकरांच्या नावापुढे मी जात लिहिणार नाही, मला लाज वाटते. ते म्हणाले, ‘बाई, ती ओळ तुमच्यासाठी नाही, त्याच्यासाठी आहे.’ मी त्यांना जुन्या वळणाचा माणूस समजले. घरी येऊन आईला अभिमानाने सांगितलंही.
आणि आता त्यांच्या दोन्ही ओळी मी उडवल्या, आणि माझी ठेवली. का, तर अक्षर चांगलं.
गोदामात फोन केला. तिथला माणूस: ‘म्हातारे, महिन्याभरापूर्वीचा माल? त्याचे पुठ्ठे होऊन त्यांत आंबे भरून झाले असतील.’ आंब्याचा हंगाम कधीच संपला, हे त्याला सांगितलं आणि फोन ठेवला. तेवढाच विजय.

२ ऑगस्ट, शनिवार
सकाळी शेजारच्या कॉम्प्युटर क्लासच्या बाईंना विचारलं. मैत्रिणीचं झालंय, असं सांगून. त्या म्हणाल्या, तुमच्या लॅपटॉपची पेटी रिकामी झाली तरी क्लाउडची पेटी वेगळी असते. तीस दिवस ठेवतात, मग आपोआप जातं. पण ज्याच्या खात्यात फोल्डर आहे त्यालाच ती उघडता येते. आमचं पा.च्या खात्यात. ‘मैत्रिणीने कधी काढलं?’
मला सांगता येईना. घरी आले, हीच वही उघडली. ४ जुलै. चारला पाच कमी.
बोटांवर मोजलं. कॅलेंडरवर मोजलं. जुलैचे एकतीस. उद्या, रविवार, दुपारी चार.
शालूला फोन. ‘ताई, पाटकरांना सांगितलंस तर ते सगळ्या गावाला सांगतील. तुझी अडतीस वर्षांची नोकरी, लोक एवढंच लक्षात ठेवतील. आपोआप जाईल उद्या. तुला काही करायचं पण नाही.’
शेवटचं वाक्य वहीत उतरवून घेतलं. मला काही करायचं पण नाही.
तीन वेळा नंबर लावून तीन वेळा कापला. शेवटी पा.ना सगळं सांगितलं. म्हणाले, ते नाशिकला मुलीकडे आहेत.
म्हटलं, तिथून उघडा ना.
‘पासवर्ड ऑफिसातल्या कॉम्प्युटरला पाठ आहे मॅडम, मला नाही. आणि ऑफिसची किल्ली माझ्याजवळ.’
आयुष्यभर पोरांना पाढे पाठ नाहीत म्हणून उभं केलं मी. ते म्हणाले उद्या सकाळी एसटीने निघतो. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.
नंतर सुनीताला फोन. तिलाही सांगितलं, मी काय काढलं आणि रकान्यात का नाही लिहिलं. समितीपुढे येऊन सांगते म्हटलं.
‘मॅडम, तुमचं बोलणं ते ऐकतील, मग कागद मागतील.’ मग: ‘तुम्ही जात नाही लिहिलीत, पण बाकीचे ती विसरले नव्हते.’
शांतपणे बोलली.

३ ऑगस्ट, रविवार. शाळेच्या पायरीवर
अडीच: पा.चा फोन. भिवंडीला ट्रॅफिकमध्ये अडकलेत.
तीन वाजून दहा: पा. शीळफाट्याला. फाइल सापडली तरी रजिस्टर कुठे आहे, हे समिती विचारणारच. त्याचं उत्तर पा.नी द्यायचं की मी? दोघांनीही. वही बरोबर घेतली आहे, कुठल्या तारखेला काय केलं ते यात आहे. आजवर ही वही कुणाला दाखवली नाही.
कंपनीचे तीस दिवस तासांनी मोजतात की तारखेने, क्लासच्या बाईंना माहीत नव्हतं. पेटी कदाचित सकाळीच रिकामी झाली असेल. कदाचित मीच चुकीची तारीख लिहिली असेल. घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं, पुन्हा बाहेर काढलं.
साडेतीन: काळू आला. बोलावलं नव्हतं. पळस्प्याहून चालत. शेजारी बसला, जरा अंतर ठेवून, वर्गात बसायचा तसा. पोरगी घरी हाय, म्हणाला, ‘ती रडत नाय, तेचीच मना भीती.’
मग वहीकडे बघून: ‘बाई, काय लिवता?’
तुझं नाव, म्हटलं.
‘आता चवथ्यांदा?’
काळू गोमा मुकणे. हिंदू कातकरी.
त्याला वाचून दाखवलं. मान हलवली. म्हणाला, आता बरोबर हाय, पन हे चालंल का?
फाटकाशी रिक्षा थांबली. पा. उतरतायत, सुटे पैसे शोधतायत. शोधत बसू नका म्हणून मी ओरडले. चारला बारा कमी.