कॅप्टनसोबत हैद्राबाद

चि. सौ. चंपास,

ताईचा मनापासून जयभीम. तुझे गुडघे कसे आहेत, आणि नागोरावांचा खोकला? (त्यांना सांग, विडी सोडली असं नुसतं म्हणून खोकला जात नसतो.) तुमच्या बोथला नळ नीट येत असतील अशी आशा करते. माझी तब्येत उत्तम आहे. उजव्या पोटरीला चावा आहे, पण तो भरत आला आहे. कोणाचा, ते ओघाने येईलच.

तुला माहीतच आहे, नार्नूरच्या शाळेतून मी रिटायर झाले तेव्हापासून आपला नागनाथ माझ्या मागे लागला होता की आई, एकदा ये आणि निवांत हैद्राबाद पाहा. पोटच्या पोराने एवढा आग्रह करावा याचं मला फार अप्रूप वाटलं. गल्लीत सगळ्यांना सांगूनही आले. पोहोचले तर बैठकीत बॅगा भरून तयार. नागनाथ आणि सूनबाई कुमुदिनी दुसऱ्या दिवशी उटीला निघाले होते. "घर तुझंच आहे, आई," तो म्हणाला, "फक्त यांच्याकडे जरा लक्ष ठेव."

हे "यांच्याकडे" म्हणजे कोण, ते सांगते. पहिलं, न्हाणीघरातलं कासव. कासव घरात असलं की बढती होते असं नागनाथला ऑफिसात कोणी सांगितलं. (याला इंजिनियर करायला मी बारा गावचं पाणी प्यायले.) दुसरे, पिंजराभर पांढरे उंदीर. कुमुदिनी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. प्रयोगात कापायला आणलेले उंदीर तिला कापवले नाहीत, म्हणून घरी आणले. नार्नूरला मी ज्या प्राण्यासाठी औषध आणून ठेवते, त्याला इथे रोज दुधात पाव कुस्करून चारत होते. आणि तिसरा कॅप्टन.

कॅप्टन हा हंस. चित्रातला, सरस्वतीजवळचा नव्हे. खरा हंस म्हणजे गळा लांबवलेलं, जिभेला दात असलेलं, सगळ्या जगावर रागावलेलं बदक. बदलीवर गेलेल्या कोण्या साहेबाने तो नागनाथला दिला. चोर येत नाहीत म्हणे. खरंच येत नाहीत. दूधवाला, पेपरवाला आणि टपालवालाही येत नाहीत. मी अंगणात पहिलं पाऊल टाकलं आणि त्याने पोटरी धरली.

तरी मी शहर पाहायचं ठरवलं. पण मी फाटकाबाहेर गेले की तो असा ओरडायचा की शेजारच्या तेलुगू बाई छतावर यायच्या. शेवटी त्याच्या पायाला सुतळी बांधली, रिक्षा केली आणि दोघं चारमिनारला गेलो. चारमिनार चांगला आहे. मी पाहिला तेवढा चांगला आहे, कारण गर्दी चारमिनारकडे पाठ करून आमच्याकडे पाहत होती. एका बांगडीवाल्याने विचारलं, "अम्मा, बदक बेचते क्या?" मी म्हटलं, "बेचने का नहीं भैया, ये हैद्राबाद देखने आया." त्याने कॅप्टनला स्टूल दिलं. मला नाही.

खरा प्रसंग हुसेनसागरवर आला. एवढं पाणी त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. सुतळी कधी निसटली कळलंही नाही; मी पाहते तर हे महाशय पाण्यात मधोमध, मान ताठ करून लांब चाललेले. लोक कठड्यावर जमले. कोणी म्हणे नाव सांगा, कोणी म्हणे नाव आणा. (पहिलं नाव त्याचं, दुसरी पाण्यातली.) मी भिंतीवर बसले. पोराने आयुष्यात एकदा काही सांभाळायला दिलं आणि ते मी तळ्यात सोडलं, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगू? मग उठले आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा तो आवाज काढला. "कॅप्टन, काऊन तिकडं जाऊन राह्यला? चाल घरी." चंपा, तो वळला. सरळ काठाशी आला, पंख झटकून माझ्या पातळाजवळ उभा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी जरा वेळ डोळ्यांत गेलेला कचरा काढत बसले.

असो. परवा मुलगा-सून परत आले. घर, उंदीर, कासव सगळं जागच्या जागी. एकूण हैद्राबाद पाहून झालं. त्या बदकाचं तोंडसुद्धा पुन्हा पाहायची इच्छा उरलेली नाही.

तुझी,
ताराताई

ता. क. हे पत्र नागोरावांना वाचून दाखवलंस तरी चालेल. पुढचं मात्र दाखवू नको.

ता. क. दुसरा. मुलगा-सून आल्याबरोबर शेजारच्या बाईंनी नागनाथकडे तक्रार केली. तो म्हणाला, "रविवारी मोठ्या साहेबांकडे जेवण आहे, कॅप्टन त्यांनाच देऊन टाकतो." मी विचारलं, "पाळायले?" तो म्हणाला, "त्यांचा खानसामा फार चांगला आहे." आज सकाळी दोघं कामावर गेले. मी चिठ्ठी लिहून ठेवली: कॅप्टन कुंपणावरून उडून गेला, मीही निघते. पोराला पहिल्यांदाच खोटं लिहिलं. व्याकरण मात्र शुद्ध आहे.

ता. क. तिसरा, आणि काम हेच. हे पत्र मी इचोड्याच्या धाब्यावर बसून लिहीत आहे. निर्मलपर्यंत बसमध्ये कॅप्टन टोपलीत शांत झोपला होता. पुढे कंडक्टरने टोपलीत काय आहे ते पाहण्यासाठी फडकं उचललं, आणि आम्हाला इथे उतरवण्यात आलं. पत्र बोथच्या बसवाल्याबरोबर पाठवते. नार्नूरला नागनाथ शोधत येईल, म्हणून तुझ्या परसातला हौद भरून ठेव आणि नागोरावांना बैलगाडी घेऊन पाठव. आम्ही दोघं धाब्याच्या मागच्या बाजेवर आहोत. कोणाला विचारावं लागणार नाही, गर्दी दिसेल.