अंगात लोखंड नसल्याचा दाखला

प्रति,
मा. सरकारी कामगार अधिकारी,
कल्याण.

अर्जदार : सौ. जनी कमळाकर केणे, वय ४७, रा. बेलवली, बदलापूर (पश्चिम). काम : पॅकिंग विभाग, मसाल्याची कंपनी, अंबरनाथ औद्योगिक वसाहत (कंपनीचे नाव सोबतच्या कार्डावर आहे).

विषय : अंगात लोखंड नसल्याचा दाखला कोठेच मिळत नसल्याने अडवून ठेवलेला गेटपास परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) कंपनीचा दि. ११ जूनचा तोंडी हुकूम (लेखी मागितला, मिळाला नाही).
२) अर्जदाराने कंपनीस दिलेले तीन अर्ज (पोच आहे, उत्तर नाही).

महोदय,

अर्जदार आपल्यासमोर येण्याआधी जिथे जिथे जाता येईल तिथे जाऊन आली आहे. तिचे म्हणणे खालीलप्रमाणे आहे, ते शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

१) अर्जदार सदर कंपनीत नऊ वर्षे पॅकिंगला आहे. हळद, मिरची, धणे यांची पाकिटे पट्ट्यावर सरळ लावणे हे तिचे काम. नऊ वर्षांत एक मेमो नाही. घरी पोचली की नात चिमी, वय अडीच, दाराआडूनच वासावर ओळखून ‘आजी आली’ म्हणते, इतका तो मसाला अर्जदाराच्या अंगात मुरलेला होता.

२) गेल्या मार्चमध्ये पट्ट्यावर धातू पकडणारे नवे यंत्र बसले. पट्टा एका चौकटीतून जातो. पाकिटात चाळणीची तार, स्क्रू, ब्लेडचा तुकडा असे काही असले की भोंगा वाजतो, लाल दिवा लागतो आणि पट्टा जागेवर थांबतो. यंत्र बसवायला आलेले तंत्रज्ञ श्री. धर्मेश यांनी कोरड्या हळदीची पाकिटे पुन्हा पुन्हा चौकटीतून घालून यंत्राला माल ‘शिकवला’. ओळखीचा माल गेला की यंत्र गप्प, वेगळे काही गेले की बोंब, असे त्यांनी सर्व बायकांना सांगितले. चाचणीसाठी लोखंड, पितळ आणि स्टील यांचा मोहरीएवढा मणी बसवलेल्या तीन पट्ट्या मिळाल्या. दर तासाला त्या पाकिटांबरोबर चौकटीतून सोडायच्या, भोंगा तिन्ही वेळा वाजला की वहीत सही करायची. हे काम विश्वासाने अर्जदाराकडे दिले होते. तिने एकही तास चुकवला नाही. वही पाहावी.

३) दि. ११ जून रोजी दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर हळदीचे एक पाकीट चौकटीच्या तोंडाशी आडवे झाले. मागची पाकिटे त्याच्यावर चढू लागली, म्हणून अर्जदाराने हात आत घालून ते सरळ केले. भोंगा वाजला. पाकीट फोडून चाळले, काही निघाले नाही. तेच पाकीट पुन्हा भरून घातले, यंत्र गप्प. तेव्हा सुपरवायझर श्री. कमलेश यांनी अर्जदारास नुसता हात घालायला सांगितले. भोंगा. हात धुऊन घातला, भोंगा. डावा घातला, भोंगा. एकूण सात वेळा हात आणि सात वेळा भोंगा. चाळीस बायका काम सोडून बघत होत्या. श्री. कमलेश मोठ्याने म्हणाले, “देखा? माल में कुछ नहीं है. इसके अंदरच आहे.”

त्या दिवशी दुसऱ्या कोणाचाही हात चौकटीत घातला गेला नाही, ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी.

४) मंगळसूत्र आणि बांगड्या यंत्र बसल्यापासून नियमाप्रमाणे घरीच असत. आता जोडवी काढायला सांगितली. लग्नातली जोडवी, साबण लावून काढली, बोटांना अजून गोऱ्या खुणा आहेत. नाकातली चमकी काढली. केसांतल्या पिना काढल्या. ब्लाउजचे हूक उसवून नाड्या शिवल्या. भोंगा होता तसाच. मग श्री. कमलेश यांनी मोबाईलवर काहीतरी वाचून अर्जदाराच्या मनगटावरचे गोंदण दाखवले आणि शाईत लोखंड असते, हे काढून आणा, असे सांगितले. ते तुळशीचे रोप आहे. अर्जदार आठ वर्षांची असताना तिच्या आईने तिला मांडीत घट्ट धरून गोंदवून घेतले होते. ते काढायचे तर कातडेच काढावे लागेल, असे अर्जदाराने नम्रपणे सांगितले. त्यावर, अंगात धातू नसल्याचा सरकारी दाखला आणा, तोवर गेटपास इथेच राहील, असा हुकूम झाला.

५) अर्जदार शासकीय रुग्णालयात गेली. डॉक्टरांनी विचारले, “बाई, दुखतंय कुठे?” कुठेच नाही, असे खरे ते सांगितले. “मग फोटो कशाचा काढू?” अर्जदाराने उजवा हात पुढे केला. फोटो निघाला, ‘छायाचित्रित भागात धातू आढळला नाही’ असे लिहून मिळाले. कंपनी म्हणाली, हा उजवा झाला, डावा? डावा आणला. छाती? छातीचा आणला. पोटाचा आणला. “टुकडे टुकडे में मत लाओ, पूरे बॉडी का एक लाओ,” असे सांगण्यात आले. डॉक्टर म्हणाले, अख्ख्या माणसाचा असा दाखला आमच्याकडे नसतो, आणि इतके फोटो अंगाला बरे नव्हेत. त्यांची चूक नाही. जे पाहिले तेवढेच ते लिहिणार.

६) मग अर्जदाराने नोकरी सोडून दुसरीकडे जावे असे ठरवले. राजीनामा घेतला नाही. क्वालिटी विभागाच्या वहीत अर्जदाराच्या नावापुढे ‘धातूचा उगम : शोध चालू’ असे लिहिलेले आहे. शोध संपल्याशिवाय वही बंद होत नाही आणि वही बंद झाल्याशिवाय माणूस सुटत नाही. लोखंड सापडले तर अर्जदार दोषी. नाही सापडले तर शोध चालू. वसाहतीतल्या दुसऱ्या दोन कंपन्यांनी आधीच्या कंपनीचे सुटकेचे पत्र मागितले. तिसरीने पत्र मागितले नाही, परंतु तिथल्या पट्ट्यावर तसलेच यंत्र पाहून अर्जदार स्वतःच दारातून परत फिरली.

अशा रीतीने अर्जदार आत नाही आणि बाहेरही नाही. रोज सकाळी डबा भरून गेटपर्यंत जाते, वॉचमन हरिचंद्र यांना विचारते, ते मान हलवतात. गेटसमोरच्या वडाखाली डबा खाऊन परत येते. घरी बसली तर गैरहजर धरतील, अशी भीती आहे.

७) पुढील मजकूर अर्जात नको, असे लिहून देणाऱ्या सुनेचे मत होते. परंतु अर्जदार म्हणाली की लिही, खरे दुखणे तिथेच आहे.

अर्जदाराच्या सासूबाई कौसाबाई, वय ऐंशीच्या पुढे, ऐकून म्हणाल्या, “तुजे बालतपनान टाकं घातलं व्हतं नं गो बाय, तवा सुई रायली आसंल. सुई आंगान फिरतं नि फिरत फिरत कालजान जातं.” माया होती म्हणूनच बोलल्या. पण ते बोलणे अर्जदाराच्या अंगात शिरले ते शिरलेच. फोटो काढताना सुई दुसरीकडे सरकली असेल, असे तिला वाटते. आता ती अंघोळीला बसली की परक्या घरात हरवलेली वस्तू शोधावी तसे आपलेच अंग चाचपते. बरगडीखाली बोट थांबते, खांद्याच्या खोबणीत थांबते. कूस बदलताना जपून बदलते. चिमी मांडीवर येऊ पाहते तर तिला टोचेल म्हणून पाटावर बसवते आणि हात लांब करून भरवते. पोरगी विचारते, “आजी, तुला बाऊ झाला?” अर्जदाराच्या अंगाला आता मसाल्याचा वासही राहिलेला नाही. दाराआडून चिमी हल्ली तिला ओळखत नाही.

८) जुलैच्या अखेरीस श्री. धर्मेश यंत्राच्या तपासणीला आले. अर्जदार गेटवर उभीच होती. त्यांनी सर्व ऐकले, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, “मावशी, मशीनला लोखंड दिसत नाही, कायपण दिसत नाही. त्याला कोरडी हळद शिकवलीय. हात म्हणजे मीठ आणि पाणी, ते त्याला लोखंडासारखंच लागतं. तुमचाच काय, माझा घाला, शेठचा घाला, बोंबलणारच.” हे लिहून द्या म्हटल्यावर ते खाली पाहू लागले. कंपनीने पत्राने विचारले तरच लेखी देता येते, असे म्हणाले. कंपनी विचारत नाही, कारण यंत्र बरोबर असल्याचा श्री. धर्मेश यांचाच दाखला कंपनीकडे आहे. यंत्राला दाखला मिळाला, अर्जदाराला मिळाला नाही.

ही हकीकत घरी सांगितली तेव्हा कौसाबाई आपल्या पायांवरून बोट फिरवू लागल्या. त्यांचा जन्म मिठागरात गेला. खाडीचे पाणी वाफ्यात घ्यायचे, उन्हात आटवायचे, पहाटे फावड्याने मीठ ओढायचे. पायांच्या भेगांत ते अजून आहे असे त्या म्हणतात. मग एकदम हसून बोलल्या, “आमचे हाडान मीठच आसनार गो! त्या डब्याला यवरा बोंबलाला काय झाला?” पण सुईचे बोलणे त्यांना परत घेता आले नाही. एकदा शिरले ते निघत नाही.

९) अर्जदाराने श्री. कमलेश यांना हात जोडून विनंती केली की एकदा आपला हात घालून पाहा. ते म्हणाले, “मेरा क्यूँ? माझ्यावर शक थोडी आहे.” बायकांपैकी संजीवनी धुमाळ तयार झाली होती. परंतु ११ जूनच्या प्रकारानंतर यंत्रावर पाटी लागली आहे, ‘चौकटीत हात घालण्यास सक्त मनाई’. म्हणजे अर्जदार निर्दोष आहे हे ज्या एका रीतीने दिसेल, तीच रीत तिच्या नावाने बंद झाली आहे.

१०) सबब अर्जदार आता दाखला मागत नाही. तिची मागणी अशी :

आपण लेखी कळवून कंपनीत यावे, म्हणजे ती पाटी एका मिनिटापुरती बाजूला ठेवावी लागेल. पट्टा बंद ठेवून यंत्र चालू ठेवावे. ते कोरड्या हळदीवरच असावे, कोणी बदलू नये. ११ जूनला होत्या त्या चाळीस बायका तिथे असाव्यात. मग आपण स्वतः चौकटीत हात घालावा. आपल्यानंतर श्री. कमलेश यांनी घालावा. अर्जदार सर्वात शेवटी घालील.

आपल्या हाताला यंत्र वाजले, तर अर्जदाराच्या नावापुढची ओळ सर्वांसमोर खोडून तिचा गेटपास तिच्या हातात द्यावा. नाही वाजले, तर स्वतःच्या अंगात लोखंड आहे हे अर्जदार मान्य करील, पुन्हा कोणाच्या दारात जाणार नाही, आणि नातीला मांडीवर घेणार नाही.

येताना हातात काही असू नये. अंगठी आणि घड्याळ गेटवर काढून द्यावे. आपले काम होईपर्यंत अर्जदार ते पदरात बांधून सांभाळील.

आपल्या पावलांची वाट पाहणारी,
नम्र अर्जदार,
(सही) जनी कमळाकर केणे
बेलवली, दि. १९ ऑगस्ट २०२५

अर्जदाराने सांगितले तसे लिहिले, वाचून दाखवले, बरोबर आहे म्हणाली.
(सही) उन्नती केणे, सून

सोबत :
१) कंपनीच्या ओळखकार्डाची झेरॉक्स (गेटपास गेटवर जमा आहे).
२) एक्स-रे : उजवा हात, डावा हात, छाती, पोट.
३) कंपनीस दिलेल्या तीन अर्जांच्या पोचा.
४) अर्जदाराचा उजवा हात कागदावर ठेवून भोवतीने पेन फिरवून काढलेली आकृती. हा हात चौकटीत सहज जातो. आपला यावर ठेवून पाहावा, म्हणजे मावेल की नाही ते निघण्याआधीच कळेल. कडेची लहान आकृती चिमीची आहे. ती मध्येच हात ठेवून बसली, त्यास इलाज नव्हता.