बगळीचा डावा पंख

९ मार्च

प्रिय भाऊजी,
सप्रेम नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून, उघडावं की नको असा विचार करून मगच उघडलं असेल. उघडलंत, बरं केलंत. घाबरण्यासारखं काही नाही. मी धडधाकट आहे. जिना चढताना गुडघा कुरकुरतो, पण मी त्याचं ऐकत नाही. तुमचं दुकान कसं चाललंय? अजून त्याच खिडकीपाशी बसता का, डोळ्याला भिंग लावून? लोक अजून घड्याळं दुरुस्त करून घेतात, या विचाराने मला उगाच बरं वाटतं.

इकडचं सांगण्यासारखं म्हणजे मी मागची खोली उघडली. कुलूप नव्हतंच, पण हे गेल्यापासून दीड वर्ष दाराला हात लावला नव्हता. साफ करायला म्हणून गेले आणि स्टुलावर नुसती बसून राहिले. सगळं जागच्या जागी आहे. फोमच्या लाद्या भिंतीला टेकलेल्या, काचेच्या कापडाचा गठ्ठा, जुन्या फ्रिजमधून काढलेला तो पंप, आणि फळीवर रेझिनच्या सगळ्या वाट्या तारखा लावून ओळीने. सकाळचं ऊन त्या खोलीत तिरपं येतं. त्यात धूळ इतकी सावकाश खाली उतरते, की तीही यांनीच तोल सांभाळून सोडली आहे असं वाटतं. किती वेळ गेला कळलं नाही. जेवायचं राहून गेलं.

कपाटावर जुन्या चादरीत गुंडाळलेली बगळी सापडली, आपलं ते रिमोटवर उडणारं बिनइंजिनाचं विमान. नाव तुम्हीच ठेवलं होतं. हे म्हणाले होते, "चार मीटर पंखांचं विमान आहे, आणि नाव बगळी?" तुम्ही म्हणालात, "दादा, तिची मान बघ ना." मग हेही बगळीच म्हणायला लागले. मला वाटलं होतं, यांनी रागाने टाकून दिली असेल. शेपूट शाबूत आहे, उजवा पंख शाबूत आहे. डावा मुळापासून हातभर अंतरावर मोडलेला.

ती दुरुस्त करायचं मी ठरवलं आहे. हसू नका. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई हसून झाल्या आहेत. म्हणाल्या, "या वयात विमान? स्वेटर विणा की एखादा." मी म्हटलं, "स्वेटर उडत नाही हो." नववीनंतर माझी शाळा सुटली हे खरं, पण वाचायची खोड सुटली नाही. यांचं ते जाड पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन दोनदा वाचून काढलं. पहिल्यांदा अर्थ लावण्यासाठी, दुसऱ्यांदा यांच्या पेन्सिलीच्या खुणा बघण्यासाठी.

एका ठिकाणी अडले आहे. रेझिन घट्ट व्हायला त्यात हार्डनर किती घालायचा? डब्यावरचं लेबल पुसलं गेलंय. दोन ओळी लिहून कळवाल का? बाकी काही लिहिलं नाहीत तरी चालेल.

तुमची,
वहिनी


४ एप्रिल

प्रिय भाऊजी,
नमस्कार.

कार्ड मिळालं. "शंभराला चाळीस. वजनाने. चमच्याने मोजू नका. खोली गार असेल तर दिवा लावा." वर नमस्कार नाही, खाली सही नाही. तरी चारही वाक्यं किती वेळा वाचली सांगू? तिसरं जरा जास्तच वेळा.

काम पुढे सरकलंय. मोडलेली जागा घासून घासून दोन्ही बाजूंनी उतरती केली, म्हणजे नवं कापड जुन्यावर पायरी न पडता बसेल. नाकातोंडाला फडकं बांधलं तरी अंगाला खाज सुटतेच, हे तुम्हाला सांगायला नको. कापड मात्र मी झोकात कापलं. पुस्तकात लिहिलंय की पिळाला तोंड द्यायचं तर धागे तिरके हवेत. वाचून हसू आलं. म्हणजे उरेब! गळ्याला उरेब पट्टी लावतात तेच. हे त्यावर तास तास बोलायचे, आणि मी मुकाट्याने कात्री चालवायचे. अठरा वर्षं यांच्या विमानांचं कापड मी कापलं.

परवा पहिला थर दिला. पंख प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, कडा चिकटवल्या, पंप सुरू केला. तो क्षण मी विसरले होते. पिशवी आधी फुगलेली, मग हळूहळू सगळी हवा निघून जाते आणि प्लॅस्टिक पंखाला असं बिलगतं, की कोणी झोपेत पांघरूण ओढून घ्यावं. पंप रात्रभर चालू ठेवावा लागतो. शिक्षिकाबाईंनी सकाळी विचारलं, "तुमच्या घरी कोण घोरतं हो?" मी म्हटलं, "फ्रिज."

मी पंखाशेजारीच गादी टाकली होती. पहाटे डोळा लागला तेव्हा स्वप्न पडलं. बगळी खोलीतच उडत होती, अगदी सावकाश, भिंतीला न लागता. तिच्याखाली हे आणि तुम्ही जमिनीवर बसून घड्याळाचे सुटे भाग मांडत होता. कोणीच वर बघत नव्हतं. मला सांगायचं होतं, की अहो, वर बघा. 

उठून आधी वाटी बघितली. नियमाप्रमाणे उरलेलं रेझिन तारीख लावून ठेवलं होतं; वाटीतलं घट्ट झालं, की पंखातलंही झालं. नख लावलं. टणक. खूणसुद्धा उमटली नाही. तुम्ही इकडे यायचं थांबवलंत, त्यानंतर हे दर वेळी मलाच मिसळायला सांगायचे. म्हणायचे, "आज तू मिसळ. आणि वाटी तूच बघ." स्वतः कधी तपासायचे नाहीत. मला तेव्हा त्याचा फार अभिमान वाटायचा.

थर देण्याआधी पंख उघडला तेव्हा आत यांची एक खूण सापडली. त्याबद्दल पुढे लिहीन.

टेकडीवर विमानं उडवायला येणारे ते निवृत्त पोस्टमास्तर, ज्यांना तुम्ही 'हवामान खातं' म्हणायचात, बाजारात भेटले. अजून बोट ओलं करून वारा बघतात, आणि अजून चुकतात. तुमची चौकशी करत होते.

डोळे जपा.

तुमची,
वहिनी


२३ एप्रिल

प्रिय भाऊजी,

पंधरा दिवस हे पत्र लिहायला घेते आहे, आणि दूध उतू जाईल म्हणून उठते आहे. आज दूध आणलेलंच नाही.

शंभराला चाळीस हे मला ठाऊक होतं. लेबलही पुसलेलं नाही. तुम्ही उत्तर द्याल की नाही, एवढंच बघायचं होतं.

त्या रविवारबद्दल आपलं कधी बोलणं झालं नाही. सात वर्षं झाली. हे स्वतः बगळीला फार हळुवार उडवायचे, पण त्या दिवशी वारा चांगला होता आणि रिमोट तुमच्या हातात होता. हेच म्हणाले, "आज हिला जरा सूर मारू दे." तुम्ही तिला खाली सोडलंत. ती शीळ घालत आली, तुम्ही नाक वर उचललंत, आणि डावा पंख छत्रीसारखा मिटला. वाळकी काटकी मोडावी एवढाच आवाज झाला. मग बराच वेळ ती गोल गोल फिरत खाली येत राहिली. मला अजून वाटतं की ती पूर्ण खाली आलीच नाही.

हे सगळ्यांसमोर म्हणाले, "घड्याळं दुरुस्त करतोस म्हणे! एवढा जड हात? तुझ्याकडे द्यायलाच नको होती." तुम्ही रिमोट गवतावर ठेवलात, किती जपून ठेवलात, आणि टेकडी उतरून गेलात. हे गेले त्या दिवशी आलात, दारातच थांबलात, आणि चहा न घेता परत गेलात.

आता त्याच्या आधीचं. बगळी तयार होत होती तेव्हा यांना ताप आला होता. उजवा पंख यांनी स्वतः पुरा केला होता. डाव्या पंखाचा कणा वरच्या सालीला चिकटवायचा तेवढा राहिला होता. पडल्या पडल्या म्हणाले, "आज तू मिसळ." भाऊजी, तोपर्यंत मला कोणी मिसळायला दिलं नव्हतं. कापड कापायचं, पिशवीच्या कडा चिकटवायच्या, चहा करायचा. मी केस बांधले, हात धुतले, देवाचं काम असल्यासारखी बसले. रेझिन घातलं, आणि वजनकाट्याचे आकडे लुकलुकले आणि विझले. बॅटरी संपली होती. आतल्या खोलीत जाऊन सांगितलं असतं, तर "राहू दे, मी उद्या करीन" म्हणाले असते. मला ते ऐकायचं नव्हतं. मी चमच्याने मोजलं. हार्डनर मोजताना दार वाजलं, पाणीवाला होता. परत आले तेव्हा तिसरा चमचा झाला की चौथा, आठवेना. झाला असेल, म्हटलं. आणि कणा चिकटवला.

सकाळी वाटीत नख घातलं तर मेणात रुतावं तसं आत गेलं.

इथपर्यंत चूक म्हणता येईल. पुढचं नाही. फळीवर उजव्या पंखाची वाटी होती, दगडासारखी. मी तिच्यावरचा कागद खरवडून काढला, त्यावर आदल्या दिवशीची तारीख लिहून चिकटवली, आणि ती यांच्या पलंगापाशी नेली. यांनी नख दाबून बघितलं. म्हणाले, "शाबास."

त्या एका शब्दावर मी आठ महिने तरंगत होते. टेकडीवर हे तुम्हाला बोलले तेव्हा मी थर्मास घेऊन चार पावलांवर उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. तुम्हाला आठवतं का, मी काय बोलले? मी विचारलं, "चहा कोणाला हवा?"

आता ती खूण. पंख उघडायला मी कात्री लावली, तर तिथे आधीच कोणीतरी उघडलेलं होतं. दोन बोटांएवढी खिडकी, नीट कापून पुन्हा टेपने बंद केलेली. आत फोमवर यांच्या नकाशावरच्या बारीक अक्षरात एकच शब्द, 'चिकट', आणि खाली तारीख. मी जुनं कॅलेंडर शोधून काढलं. तो त्या रविवारनंतरचा बुधवार होता.

म्हणजे रेझिन कच्चंच राहिलं होतं, तुमचा दोष नव्हता, हे बुधवारीच यांना कळलं होतं. आणि कोणी मिसळलं होतं हे यांच्याशिवाय कोणाला माहीत असणार? त्यानंतर साडेपाच वर्षं आम्ही एका टेबलाशी जेवलो. यांनी मला विचारलं नाही, मी यांना सांगितलं नाही. नुसतं "आज तू मिसळ. वाटी तूच बघ."

तुम्हाला यांनी का कळवलं नाही, ते मला सांगता येत नाही. तुम्हाला मोकळं करायचं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं, असं सकाळी वाटतं. दुपारी पडल्यावर वाटतं, की धाकट्या भावापुढे "चुकलो" म्हणणं यांना जमलं नसतं. दोन्ही मी मनात शेजारी शेजारी ठेवलं आहे. यांच्यावर रागवायला बसते, आणि मध्येच खोलीत ऊन येतं.

"मला माफ करा" असं इथे लिहिलं होतं. खोडलं. तुमच्या डोक्यावर आणखी एक काम कशाला?

काल टेकडीवर गेले. त्या रविवारी होते त्यांतले पाच जण होते. सगळ्यांना वाटीपासून सगळं सांगितलं. खाली दरीत वारा गवत वाकवत होता आणि कोणाचं तरी विमान वर एकाच जागी थांबल्यासारखं दिसत होतं. मग हवामान खात्याने त्यांचा थर्मास उघडला आणि मला विचारलं, "बाई, चहा घेणार?" मी घेतला.

सोबत लहान खोका पाठवते आहे. त्यात दोन वस्तू आहेत. एक फोमचा तुकडा, तुमच्या दादांच्या अक्षरासकट कापून काढलेला. तो तुमचाच आहे, सात वर्षं चुकीच्या घरी राहिला. दुसरी, या वेळची वाटी. तारीख माझ्या हातची आहे आणि कागद बदललेला नाही. तरी माझ्या शब्दावर जाऊ नका, नख लावून बघा.

बगळी तयार आहे. डाव्या पंखावर माझ्या कापडाचा पट्टा दिसतो, रंगाने झाकला नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पश्चिमेचा वारा आहे, असं हवामान खातं म्हणतं, म्हणजे कदाचित नसेलही. हातातून सोडायला मी पळेन, गुडघा काय म्हणायचं ते म्हणो. रिमोट धरायला ते तयार आहेत. मी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही.

तुम्ही नाही आलात तर ती कपाटावर परत ठेवीन, चादरीशिवाय.

एक वाक्य यांनी त्या बुधवारी लिहायला हवं होतं, आणि मी त्याआधी रविवारीच बोलायला हवं होतं. ते आता लिहिते आणि थांबते. भाऊजी, तुमचा हात जड नव्हता.

वहिनी