एकच फिकट गुलाबी चंबू

प्रिय चिमणे,

‘प्रिय’ लिहून बराच वेळ त्या शब्दाकडे बघत बसले. खोडावासा वाटला, पण हात सवयीचा गुलाम. राहू दे. तुझे फोन मी मुद्दाम घेतले नाहीत. कामात वगैरे नव्हते, तुझा आवाज ऐकायचा नव्हता.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी मी शेजारच्या वर्गात लेखी पेपरावर देखरेखीला होते आणि प्रयोगशाळा तुझ्या ताब्यात. बाहेरून आलेली परीक्षक तू, माझीच मैत्रीण, म्हणून मी निर्धास्त. शेवटची तुकडी सुटल्यावर आत आले, तर ओट्यावर चंबू तसेच पडलेले. चंबूत आम्ल घ्यायचं, ब्युरेटमधून अल्कली थेंबाथेंबानं सोडायची आणि दर्शकाचा पहिला फिकट गुलाबी रंग टिकला की हात आवरायचा, हे मी वर्षभर घसा कोरडा करून शिकवते. आणि इथे सगळे चंबू भडक गुलाबी, म्हणजे अल्कली जास्त झालेली. एकच फिकट होता, बेकरीवाल्याच्या लेकीचा. तिलाच तू शून्य दिलंस.

मुलांना विचारलं तेव्हा कळलं, तू ओट्याओट्यापाशी जाऊन ‘साधारण दहा येतं’ म्हणत होतीस. सगळ्यांनी दहा मिलिलिटरपर्यंत अल्कली ओतली आणि दहा लिहून मोकळे झाले. या पोरीला सात पूर्णांक दोन आलं. तिनं पुन्हा केलं, तरी तेवढंच. तिसऱ्यांदाही तेच. तेव्हा तू सगळ्यांदेखत म्हणालीस, की पाव भाजायला ही अक्कल पुरेल, रसायनशास्त्राला नाही. तू असं बोलू शकतेस हे मला नवीन नाही. आपण शिकत होतो तेव्हाही तुझ्या जिभेला धार होती. तेव्हा मी हसायचे, कारण ती माझ्यावर कधी चालली नव्हती.

बाटलीतलं उरलेलं आम्ल घेऊन मी स्वतः टायट्रेशन करून पाहिलं. सात पूर्णांक दोन. सकाळी तेच आम्ल मी तपासून ठेवलं होतं, तेव्हा दहा येत होतं. तुला विचारलं, तर तू पर्स आवरत म्हणालीस, “शेवटच्या तुकडीला आम्ल कमी पडत होतं, घातलं थोडं पाणी. बाकीच्यांना आलंच ना दहा?”

बाकीच्यांना आलं नव्हतं गं. त्यांनी ते लिहिलं होतं. हा फरक तुला कळत नाही असं नाही. कळतो, पण तुला त्याचं काही वाटत नाही. मी गुण बदलायला सांगितलं, तर एका पोरीसाठी एवढं काय, असं म्हणून तू रिक्षात बसलीस.

त्यानंतर पोर शाळेत आलीच नाही. शेवटी मीच बेकरीत गेले. बापानं मला बसा म्हटलं नाही, आणि त्याचं चुकलं असंही मला वाटलं नाही. ती मागे ट्रे पुसत होती. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, “बाई, मी दहा लिहिलं असतं तर पास झाले असते ना?” होय म्हणावं तर मी शिकवलेलं सगळं पाण्यात, आणि नाही म्हणावं तर खोटं.

आई गेली तेव्हा तू आठवडाभर आमच्या घरी राहून चूल सांभाळलीस. माझ्या लग्नाला कुणी यायला तयार नव्हतं, तेव्हा साक्षीदार म्हणून सही करायला तू आलीस. हे मी विसरलेले नाही. विसरले असते तर हे पत्र चार ओळींत संपलं असतं. पण माझ्यावर केलेल्या मायेची भरपाई ती पोर का करेल?

मी परीक्षा मंडळाकडे तक्रार केली आहे. बाटली सील करून दिली आहे. त्या तुकडीची परीक्षा पुन्हा होणार, हे काल ठरलं. पोर यायला तयार झाली आहे. सोमवारी तुझी चौकशी आहे आणि साक्षीला मी आहे. तिथे पहिला प्रश्न ठरलेला असतो, परीक्षकांशी तुमचं नातं काय? मी ‘काही नाही’ असं सांगणार आहे. त्या खोलीत मला खोटं बोलायचं नाही, म्हणून ते नातं आधी या पत्रात संपवतेय. आता फोन करू नकोस.

आजच्यापुरती
तुझीच